घोडा कुठे खाजवतो ते आधी पाहा: पावसाळ्यातली चिलटांची ॲलर्जी आणि तिच्यासारखे दिसणारे आजार

पाऊस सुरू होऊन महिनाभर झाला की तबेल्याच्या खांबावर, घोड्याच्या मानेच्या उंचीला, आयाळीचे तुटके केस चिकटलेले दिसू लागतात. शेपटीच्या मुळाशी केस तुटून झाडूसारखे उभे राहतात. अशा वेळी बहुतेक मालकांच्या तोंडी दोनच गोष्टी असतात: ‘चंदी (घोड्याचा दाणा) गरम पडली’ किंवा ‘जंत झालेत’. मग हरभरा बंद होतो, जंताचं औषध पाजलं जातं, वर खोबरेल चोपडलं जातं आणि दिवाळी उलटली की खाज आपोआप उतरते. श्रेय हरभरा बंद केल्याला मिळतं. पुढच्या आषाढात सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पावसाळ्यात येणारी आणि थंडीत जाणारी खाज बहुतेक वेळा चिलटांची असते. क्युलिकॉइडस नावाची ही चिलटं जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरची. डासासारखी गुणगुणत नाहीत, त्यामुळे लक्षात येत नाहीत. चावते ती फक्त मादी. तिच्या लाळेतल्या प्रथिनांची काही घोड्यांना ॲलर्जी होते. इंग्रजीत या दुखण्याला स्वीट इच म्हणतात. एकाच तबेल्यातल्या दहा घोड्यांना तीच चिलटं चावतात आणि खाजवतो एखादाच, म्हणून ‘बाकीच्यांना काही नाही, मग किड्यांचं कसं असेल?’ हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. ॲलर्जी पहिल्यांदा दिसते ती साधारण 2 ते 4 वर्षांच्या वयात, आणि दर पावसाळ्यात वाढत जाते. कल अनुवंशिक असतो, तेव्हा अशा घोडीवर पैदास घेण्याआधी विचार करा.

आइसलंडमध्ये ही चिलटं वर्षानुवर्षं नव्हतीच. तिथे जन्मलेले घोडे मोठेपणी युरोपच्या मुख्य भूमीवर नेले की त्यांच्यात ही खाज फार दिसते. त्याच जातीचे, पण युरोपातच जन्मलेले घोडे तुलनेने कमी खाजवतात. कोरड्या मुलखातून कोकणात किंवा घाटमाथ्यावर आणलेलं जनावर दुसऱ्या पावसाळ्यात खाजवायला लागलं, तर विकणाऱ्याने फसवलं असंच समजू नका.

खाजेची जागा

औषधाच्या दुकानात जाण्याआधी बॅटरी घ्या आणि घोडा पायापासून कानापर्यंत पाहा. जागेवरून निम्मं निदान होतं.

आयाळीचं मूळ, खांद्याचा उंचवटा, शेपटीचं मूळ आणि कधी पोटाची मधली रेघ एवढ्या जागी खाज असेल तर चिलटं. बोटांनी आयाळीच्या मुळाची कातडी चिमटीत धरा. नव्या दुखण्यात ती गरम आणि ओलसर लागते, बारीक खपल्या हाताला येतात. दोन-तीन पावसाळे झालेले असतील तर ती जाड होते, तिला आडव्या वळ्या पडतात, जणू बनियनची घडी.

फक्त शेपूट घासतो आणि आयाळ शाबूत आहे? मग आधी सूतकृमी तपासा. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन चिकट द्रवात अंडी घालते. तो द्रव वाळला की खाज सुटते. शेपटीखाली पिवळट-करडा थर दिसतो. सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर चिकटवा आणि पशुवैद्यकाकडे द्या. नेहमीच्या शेण तपासणीत ही अंडी बहुतेक वेळा सापडत नाहीत, म्हणून ‘रिपोर्ट क्लिअर आहे’ यावर विसंबू नका. औषधासोबत रोज ओल्या फडक्याने ती जागा पुसा आणि फडकं जाळा. खांबावर पडलेली अंडी पुन्हा पोटात गेली तर चक्र चालूच राहतं.

पाय आपटतो, घोट्यांपाशी खपल्या आहेत, लांब केसांच्या आत कातडी तेलकट झाली आहे: पायाची खरूज. मानेवर आणि आयाळीच्या मुळाशी केस पांगवल्यावर 2–3 मिलिमीटरचे किडे चालताना दिसतात किंवा केसांना पांढरे दाणे चिकटलेले असतात: उवा. यांचा जोर थंडीत, केस लांब वाढतात तेव्हा. औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. म्हणून 14 दिवसांनी दुसरी मात्रा लागतेच, आणि ‘औषध लागू पडलं नाही’ अशी तक्रार बहुधा ही दुसरी मात्रा चुकलेल्यांची असते.

गोल चकत्या, केस तुटलेले, राखेसारखा कोंडा, खाज फारशी नाही: गजकर्ण. हे माणसालाही लागतं. हातमोजे घाला आणि त्या घोड्याचा खरारा, नमदा (खोगिराखालचं जाड कापड), तंग (पोटाखालून बांधायचा पट्टा) वेगळे ठेवा. रोग महिन्या-दोन महिन्यांत, कधी त्याहून उशिरा आपोआपही बसतो. पण तोवर सामायिक नमद्यावरून सगळ्या तबेल्यात फिरलेला असतो.

पाठीवर आणि पुठ्ठ्यावर, जिथून पावसाचं पाणी ओघळतं तिथे केसांचे पुंजके खपलीसकट निघून येत असतील, खाली ओलसर गुलाबी कातडी असेल आणि हात लावला की घोडा अंग चोरत असेल, तर तो डर्मॅटोफिलस जिवाणूचा संसर्ग. यात खाज नसते, दुखतं. ॲलर्जी समजून स्टेरॉइड दिलं तर तो वाढतो.

डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठाला, पायाला किंवा शिश्नावर न भरणारी, लालसर मांस वाढलेली जखम आणि तिच्यात पिवळे कडक दाणे, ही उत्तर भारतातल्या घोडेवाल्यांची ‘बरसाती’. माश्यांनी सोडलेल्या हॅब्रोनिमा जंताच्या अळ्या तिच्यामागे असतात. मलम लावून ती हटत नाही, जंतनाशक लागतं.

अंगभर गांधी एका रात्रीत उठल्या, बोटाने दाबल्यावर खळगा पडतो, तर पित्त उठलं असं समजा. मागच्या दोन दिवसांत काय नवं झालं ते आठवा: पेनिसिलिन, लस, नवा फवारा, नव्या पोत्यातली चंदी. कारण दूर झालं की बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बसतं. मात्र नाकपुड्या, ओठ, डोळे सुजले आणि श्वासाचा आवाज येऊ लागला, तर डॉक्टरांना फोन करायला सकाळ होण्याची वाट पाहू नका.

आणि एक ताकीद. पायाच्या आतल्या बाजूने ओळीने गाठी येऊन फुटत असतील, मधासारखा चिकट पू येत असेल, नाकातून घट्ट स्राव असेल, तर घोडा वेगळा बांधा आणि उघड्या हाताने शिवू नका. हा ग्लँडर्स नावाचा जिवाणूजन्य रोग असू शकतो. 2006 मध्ये तो महाराष्ट्रातल्या घोड्यांत सापडला होता. माणसाला लागला तर जीव घेऊ शकतो, आणि कायद्याने कळवावाच लागतो. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. रक्ताचे नमुने पुढे हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात.

वारा, जाळी, वेळ

चिलटांच्या ॲलर्जीत मलमापेक्षा हवा जास्त काम करते. या चिलटांचे पंख दुबळे असतात. ताशी 8–10 किलोमीटरच्या पुढे वारा असला की त्यांना अंगावर बसताच येत नाही. एवढा वारा पंख्याने मिळतो. घोड्याच्या पाठीच्या उंचीला, समोरच्या दोन कोपऱ्यांतून तिरके असे दोन पंखे लावा. छताचा पंखा पाठीवर वारा देतो, पण पोटाखाली आणि शेपटीमागे हवा साचते. तपासायला सुती कापडाची वीतभर पट्टी शेपटीच्या उंचीला टांगा: ती सतत फडफडली पाहिजे, अधूनमधून हलून चालणार नाही. घरगुती पंखा घेऊ नका. त्याची मोटर उघडी असते, भुसा आणि धूळ आत जाऊन तापते, आणि तबेल्यात आग लागायला एवढं पुरतं. बंद मोटरचा औद्योगिक पंखा घ्या आणि वायर घोड्याच्या दातांपासून लांब, पाइपातून न्या.

मच्छरदाणीची जाळी निरुपयोगी आहे. तिच्या भोकातून चिलटं सहज आत येतात. त्याऐवजी भाजीच्या रोपवाटिकेला लावतात ती इन्सेक्ट नेट पाहा. 40 मेशच्या जाळीत एका इंचात 40 घरं असतात, म्हणजे भोक साधारण 0.4 मिलिमीटरचं. कृषी साहित्याच्या दुकानात ती मीटरवर मिळते. तोटा असा की वारा अडतो आणि तबेला तापतो. म्हणून जाळी आणि पंखा दोन्ही लावा. नुसती जाळी लावून घोडा घामाने निथळला तर ओल्या कातडीचं वेगळंच दुखणं उभं राहतं.

चिलटांचा जोर सूर्य उगवताना आणि मावळताना. पावसाळ्यात संध्याकाळी साडेपाचलाच घोडा आत घ्या आणि सकाळी ऊन चढल्यावर बाहेर काढा. ढगाळ, वारा पडलेल्या दिवशी ती दिवसभर चावतात, तेव्हा घड्याळ न पाहता आभाळ पाहा. चरायला न्यायचं असेल तर डोंगराच्या धारेवर न्या, ओढ्याकाठी नको.

त्यांची पैदास चिखलात, ओल्या लिदीत, कुजक्या पाल्यात होते. गळणारा नळ, पाण्याच्या टाकीखालचं डबकं, शेजारच्या म्हशींच्या गोठ्याचा शेणपाणी वाहणारा चर, या तीन जागा आधी कोरड्या करा. लिदीचा ढीग तबेल्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्या आणि वर ताडपत्री टाका. धुरी करायची तर कडुनिंबाचा पाला तबेल्याबाहेर, वारा येतो त्या अंगाला पेटवा. बंद तबेल्यात रोज धूर केला की चिलटं जातात आणि खोकला राहतो. घोड्याची फुप्फुसं धूर-धुळीला फार नाजूक.

झूल हा स्वस्त उपाय आहे, शिवणारा भेटला तर. फिक्या रंगाचं पातळ सुती कापड घ्या, छातीच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत मापून. त्याला मानेचा भाग, पोटाखालून बांधायची पट्टी आणि शेपटीवर पडणारी झालर हवी. यापैकी एक राहिलं तर चिलटं नेमकी तिथेच चावतात. दोन झुली ठेवा, एक अंगावर, एक वाळत. ओल्या अंगावर झूल कधीच नको.

कातडीची काळजी

आठवड्यातून दोनदा थंड पाण्याने अंघोळ घाला. साधा कोंडा-खाज असेल तर घोड्यासाठीचा सौम्य शाम्पू पुरे. खपल्या आणि ओल असेल तर 4 टक्के क्लोरहेक्सिडिनचा स्क्रब घ्या. तो औषधाच्या दुकानात हात धुण्यासाठी मिळतो. अंग भिजवा, फेस करा आणि 10 मिनिटं घड्याळ लावून थांबा. बहुतेकांची चूक इथेच होते: फेस झाला की लगेच पाणी ओततात, औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. मग फेसाचा अंश राहणार नाही असं धुवा, पाणी निपटून काढा आणि पंख्यासमोर पूर्ण वाळवा. खपली सुकी असताना ओढून काढू नका. भिजून सुटेल तेवढीच काढा.

उघडी जखम लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून धुवा, वर झिंक ऑक्साइडचं मलम लावा. पावसाळ्यात दिवसातून दोनदा पाहा. एक दिवस दुर्लक्ष झालं की अळ्या पडतात.

चिलटं पळवण्यासाठी 25 टक्के बेंझाइल बेंझोएट लोशन जुनं आणि स्वस्त आहे. तेवढंच पाणी मिसळून, बाटली हलवून, आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी रोज संध्याकाळच्या आधी लावा. आधी खांद्यामागे तळहाताएवढ्या जागी लावून 24 तास वाट पाहा. कातडी सोललेली असेल तिथे लावू नका, आग होते आणि घोडा जास्त घासतो. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा घ्यायचा तर घोड्यासाठी बनवलेलाच, लेबलवरच्या प्रमाणात. तबेल्यात मांजर असेल तर ती अंग वाळेपर्यंत लांब ठेवा, परमेथ्रिन मांजराला विषारी आहे. घाम आणि पावसाने फवारा धुतला जातो. सकाळी रपेट झाली की संध्याकाळी पुन्हा मारावा लागतो. कडुनिंबाचं तेल निव्वळ लावू नका. एक भाग तेल, नऊ भाग खोबरेल, आणि तेही आधी छोट्या जागी.

गाईम्हशींच्या गोचिडावरचं अमिट्राझ घोड्याला कधीही लावू नका. त्याने घोडा सुस्त होतो, आतड्यांची हालचाल थांबते, मोठ्या आतड्यात लीद अडकून पोटशूळ होतो. बाटली तबेल्यात असेल तर ती तिथून हलवा, कारण मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) नवा असला की चूक होतेच. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल हे तर कातडी भाजण्याचे प्रकार. त्या भाजण्याने घोडा दोन दिवस घासणं थांबवतो, आणि लोकांना वाटतं गुण आला.

पोटातून द्यायची औषधं

इथे पशुवैद्यकाशिवाय पुढे जाऊ नका, पण काय विचारायचं ते माहीत असू द्या. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची सुई दिली की दुसऱ्या दिवशी घोडा शांत उभा राहतो, म्हणून दर पंधरवड्याला ‘ती सुई’ मागितली जाते. स्टेरॉइडने खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो, लठ्ठ घोड्यात विशेष. गोळ्या सुरू केल्या तर चिठ्ठीवरचं नाव नीट वाचा: प्रेडनिसोलोन घोड्याला लागू पडतं, प्रेडनिसोन मात्र त्याच्या शरीरात नीट वापरलंच जात नाही. नावात दोन अक्षरांचा फरक आहे. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची औषधं अंगावर पित्त उठल्यावर उपयोगी पडतात, चिलटांच्या खाजेत बहुधा तोकडी. शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याला यातलं काहीही देण्याआधी नियम विचारा.

आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक चिलटांच्या ॲलर्जीवर काम करत नाही. पोटाच्या मधल्या रेघेवरची खाज कधी ऑन्कोसर्का जंताच्या सूक्ष्म पिल्लांची असते, तिथे मात्र ते उपयोगी. औषधानंतर दोन-तीन दिवस पोटाखाली सूज येऊ शकते, घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा. मात्रा 1 किलो वजनाला 0.2 मिलिग्रॅम, तोंडावाटे. गुरांची आयव्हरमेक्टिनची सुई घोड्याला टोचू नका. वजन डोळ्यांनी मोजू नका, शिंप्याच्या फितीने मोजा: तंग बांधतो तिथला घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले छातीच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11880. घेर 150 आणि लांबी 135 असलेलं तट्टू भरतं सुमारे 256 किलो, म्हणजे 51 मिलिग्रॅम औषध. अंदाजाने 350 किलो धरणारे पुष्कळ आहेत.

चंदीबद्दल थोडं. खाण्याची ॲलर्जी घोड्यात असते, पण दुर्मीळ. शंका असेल तर एका वेळी एकच जिन्नस बंद करा आणि 4 ते 6 आठवडे थांबा. हरभरा, कोंडा, लसूणघास सगळं एकदम बंद केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि घोडा मात्र वाळतो. हा प्रयोग हिवाळ्यात करा, नाहीतर चिलटं गेल्याचं श्रेय चंदीला मिळेल. जवस मात्र देऊन पाहायला हरकत नाही. लहान प्रयोगांत दळलेल्या जवसाने कातडीची प्रतिक्रिया काहीशी कमी झाली, सगळ्याच घोड्यांत नाही. 50 ग्रॅमपासून सुरुवात करा, ताजं दळून, आठवडाभरात हळूहळू वाढवत. महिनाभर दिल्याशिवाय निकाल लावू नका.

तयारी रोहिणी नक्षत्र लागताच, मे अखेरीस करा: जाळी लागलेली, पंखे तपासलेले, चर कोरडे. पहिली खाज सुटल्यावर सुरुवात केली तर घोडा घासायला शिकलेला असतो, आणि घासून फुटलेली कातडी स्वतःच खाजते.

घोडा विकत घेणाऱ्यांसाठी एक शेवटचं. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे डिसेंबरात भरतो, तेव्हा चिलटांचा मोसम उतरलेला असतो आणि खाजणारा घोडाही चकचकीत दिसतो. मालक चाल दाखवत असेल तेव्हा हात आयाळीच्या मुळाशी न्या. जाड वळ्या, मध्येच आखूड पांढरे केस, ताजं तेल चोपडलेलं, किंवा आयाळ नुकतीच मुळापासून कातरलेली असेल तर शेपटी उचलून तिचं मूळही बघा. मग विचारा, ‘गेल्या पावसाळ्यात हा कुठे होता?’